अंगावरचे कपडे सोडून शंभर रुपये

मराठीत एक जुना शब्द आहे, ‘नादार’. आमच्या आजोबांच्या पिढीत ज्या मुलाची शाळेची फी माफ व्हायची त्याला ‘नादारी मिळाली’ असं म्हणायचे. नादारी मिळवायची तर आधी आपण नादार असल्याचं चारचौघांत सिद्ध करावं लागे. फी वाचायची, पण वर्गात सगळ्यांना कळायचं.

आपल्या दिवाणी कायद्यातही असाच एक नादार माणूस आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३३ त्याच्यासाठीच लिहिलेला आहे. दिवाणी दावा म्हणजे जमीन, घर, वारसा, भाडं, नुकसानभरपाई, पोटगी यांसारखी भांडणं. यात पोलिस नसतात, अटक नसते. आपला हक्क आपणच कोर्टात जाऊन मागायचा असतो आणि दारातच कोर्ट फी भरायची असते. पुष्कळ दाव्यांत ही फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात असते. म्हणजे तुमचं जितकं जास्त बुडालं, तितकी दार उघडायची किंमत जास्त. ज्याच्याकडे ही फी भरायची ऐपत नाही, त्याला ती न भरता दावा लावू द्यावा, असं हा आदेश सांगतो.

मूळ व्याख्येचे दोन भाग होते. कायद्यानं ठरवलेली कोर्ट फी भरण्याइतकी साधनं ज्याच्याजवळ नाहीत, तो नादार. आणि ज्या दाव्याला अशी फी ठरवलेलीच नाही तिथे, अंगावरचे आवश्यक कपडे आणि ज्याबद्दल भांडण आहे ती वस्तू सोडून ज्याच्याकडे शंभर रुपयांची मालमत्ता नाही, तो नादार. 

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कायद्याचं शिक्षण मला नाही. पण दिवसभर नियम लिहिणं हेच माझं काम आहे: अमुक असेल तर आत सोड, नसेल तर बाहेर ठेव. त्यामुळे कायदा वाचताना माझं लक्ष आधी अटींकडे जातं. कपडे वगळायला हवेत हे कुणाला तरी टेबलावर बसून सुचलं असेल. नाहीतर कोर्टाचा कारकून धोतराची किंमत लावू शकला असता.

पुढची प्रक्रियाही वाचण्यासारखी आहे. अर्जदारानं अर्ज स्वतः हजर राहून द्यायचा. सोबत आपल्या सगळ्या चीजवस्तूंची किमतीसह यादी जोडायची. मग न्यायाधीश त्याची तपासणी करणार. विरुद्ध पक्षाला आणि सरकारी वकिलाला नोटीस जाणार, म्हणजे हा माणूस खरोखर नादार नाही असा पुरावा त्यांना आणता येईल. इतकं करून परवानगी मिळाली तरी फी माफ होत नाही, लांबणीवर पडते. दावा जिंकला की ती सरकारला वसूल करता येते आणि हरला तर कोर्ट त्यालाच भरायला सांगतं. आणि फी सुटली तरी वकील? १९०८ च्या मूळ नियमांत त्याची सोय नव्हती. कोर्टानं निर्धन माणसाला वकील नेमून द्यावा, हा नियम १९७६ च्या दुरुस्तीत आला. त्याच दुरुस्तीत शंभराचे हजार झाले आणि इंग्रजी कायद्यातला भिकाऱ्याच्या जवळ जाणारा शब्द बदलून ‘निर्धन व्यक्ती’ या अर्थाचा शब्द घातला गेला.

गरीब माणसाला दिवाणी कोर्टात मदत करायची तर ती कुणाला, किती, आणि त्यासाठी त्यानं आधी काय सिद्ध करायचं? आपल्याकडच्या मोफत कायदेशीर मदतीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्याची सुरुवात मला आदेश ३३ च्याही आधी, पुणे जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेत सापडली.

कागद जाळणारी माणसं

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. शाळेच्या पुस्तकात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळींत येतं. त्यांना मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हव्या होत्या. हा उठाव पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरला आणि ठिकठिकाणी कागद हातात पडले की ते जाळले गेले.

कागदांवरच राग का? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला. त्याच सुमारास सारा वाढला. कर्ज वाढलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याची मुदत साधारण तीन वर्षांवर आणली होती. हेतू चांगला होता, व्याजावर व्याज चढत जाऊ नये. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेऊ लागला आणि मागचं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून बसू लागलं. शेतकरी अंगठा उठवायचा. मग दिवाणी कोर्टात दावा लागायचा. शेतकरी तिथे पोहोचायचाच नाही आणि हुकूमनामा एकतर्फी व्हायचा. कोर्टासमोर रोखा होता, अंगठा होता, समोरचा माणूस गैरहजर होता. कोर्टाच्या नियमांप्रमाणे सगळं बरोबर होतं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी कचेऱ्यांतून शेतकरी कसा नागवला जातो याचं वर्णन आहे, ते याच काळातलं.

इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आणला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. या कायद्यातल्या तरतुदी दीडशे वर्षांनी वाचतानाही ताज्या वाटतात. नुसता रोखा पुढे केला म्हणून हुकूमनामा देऊ नका, व्यवहाराचा सगळा इतिहास मुळापासून तपासा. शक्यतो प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐका. देणं हप्त्यांनी फेडायची मुभा द्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नका. दाव्याआधी तडजोड करणारे सलोखाकार नेमा. सलोखाकारासमोर आणि गावच्या मुन्सिफासमोर वकील उभे करायचे नाहीत, म्हणजे पैसेवाल्याचा वरचष्मा राहणार नाही.

आणि शेवटाकडे एक लहानसं कलम, ६९ वं. समोरच्या बाजूनं वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर त्या शेतकऱ्याच्या संमतीनं न्यायाधीशानं सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या योग्य व्यक्तीला त्याच्या बाजूनं उभं राहायला सांगावं. यात अंगावरचे कपडे मोजलेले नाहीत. तुलना आहे ती दोन बाजूंची. त्याच्याकडे वकील आहे, याच्याकडे नाही, एवढं पुरे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्याआधी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते आणि या जिल्ह्यांतून फिरून खालच्या कोर्टांच्या कामावर देखरेख करत.

या कलमाचं मोठेपण फार फुगवायचं कारण नाही. दंग्यानंतर शांतता हवी म्हणून सरकारनं दिलेली ती सवलत होती, तीही चार जिल्ह्यांपुरती. पण ‘कोर्ट सगळ्यांना उघडं आहे’ एवढं म्हणून भागत नाही, हे सरकारला कायद्यात लिहावं लागलं आणि ते लिहायला लावलं सुप्यात कागद जाळणाऱ्यांनी.

समित्यांची वर्षं

पुढचा टप्पा मुंबईचा. १९२४ मध्ये तिथे बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली. भारतातल्या संघटित कायदेशीर मदतीची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून धरतात. यात वकिलांचं औदार्य होतं, पण औदार्यावर चालणाऱ्या गोष्टीची मर्यादाही होती. मदत मिळणं हे मदत करणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून होतं.

ती जबाबदारी सरकारची आहे, हा विचार स्वातंत्र्यानंतर जोर धरू लागला. १९४९ मध्ये इंग्लंडनं कायदेशीर मदतीचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी मुंबई सरकारनं न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५८ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या विधी आयोगानं आपल्या चौदाव्या अहवालात या विषयाला स्वतंत्र जागा दिली. १९६० मध्ये केंद्रानं योजनेचा आराखडा राज्यांकडे पाठवला आणि राज्यांनी पैसे नाहीत असं कळवलं. १९७० मध्ये गुजरातनं समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते नटवरलालांचे चिरंजीव, न्यायमूर्ती पी. एन. भगवती. वडिलांच्या समितीनंतर एकवीस वर्षांनी मुलगा त्याच विषयावर अहवाल लिहीत होता. १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. १९७७ मध्ये अय्यर आणि भगवती यांचा मिळून आणखी एक.

मधे १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीतली ही दुरुस्ती न्यायालयांचे पंख छाटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पण तिनंच घटनेत ३९अ हे कलम घातलं: आर्थिक किंवा इतर दुबळेपणामुळे कुणालाही न्याय नाकारला जाऊ नये म्हणून राज्यानं मोफत कायदेशीर मदतीची व्यवस्था करावी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल दिला होता. त्या बहुमतात पी. एन. भगवतीही होते. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. कायदेशीर मदतीच्या चळवळीतलं सगळ्यात मोठं नाव आणि तो निकाल, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. आणीबाणी उठल्यावर त्या दुरुस्तीतल्या पुष्कळ गोष्टी काढून टाकल्या गेल्या. ३९अ राहिलं.

बस सरकारची, फी विधवेची

आणीबाणीनंतर सर्वोच्च न्यायालयानं मोफत वकिलाचा हक्क भराभर रुंद केला. हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र (१९७८), हुसैनारा खातून (१९७९) हे निकाल गाजले. पण ते फौजदारी होते. तुरुंगात माणूस आहे, त्याचं स्वातंत्र्य गेलं आहे, तेव्हा वकील दिलाच पाहिजे, हे पटायला सोपं आहे. दिवाणीत असा तुरुंग दिसत नाही. घर जातं, जमीन जाते, पोटगी बुडते, आणि माणूस बाहेर मोकळाच फिरत असतो.

म्हणून मला १९७९ चा एक कमी माहितीतला निकाल महत्त्वाचा वाटतो: हरियाणा राज्य विरुद्ध दर्शना देवी. राज्य परिवहनाच्या बसखाली घरातला एकमेव कमावता माणूस गेला. त्याची विधवा आणि मुलगी यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागितली. कोर्ट फी भरायला पैसे नव्हते, म्हणून आदेश ३३ ची सवलत मागितली. उच्च न्यायालयानं ती मान्य केली. त्याविरुद्ध हरियाणा सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारचं म्हणणं असं की आदेश ३३ दिवाणी कोर्टांसाठी आहे, न्यायाधिकरणासाठी नाही, तेव्हा बाईंनी फी भरावी.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला कडक शब्दांत सुनावलं. ज्याच्या बसनं माणूस मारला तेच सरकार भरपाईचा विचार करायचं सोडून विधवेकडे फी मागत भांडत बसलं आहे, आणि फीच्या अटीमुळे गरीब माणूस न्यायापासून दूर लोटला जाता कामा नये, असा त्या निकालाचा रोख आहे. १९९२ मध्ये रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या बाबतीतही न्यायालयानं हीच भूमिका घेतली. आणि २०१६ मध्ये अनिता कुशवाह प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं न्यायापर्यंत पोहोचता येणं हा मूलभूत हक्क असल्याचं स्पष्ट म्हटलं. तो खटला दिवाणी प्रकरणं जम्मू-काश्मीरमधून बाहेर वर्ग करण्याबद्दलचा होता.

कलम १२

संसदेनं विधी सेवा प्राधिकरण कायदा केला १९८७ मध्ये. तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आठ वर्षं कायदा पुस्तकात होता, लोकांसाठी नव्हता.

या कायद्याचं हृदय कलम १२ मध्ये आहे. मोफत कायदेशीर सेवा कुणाला मिळेल याची ती यादी: अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, मानवी तस्करीची किंवा वेठबिगारीची बळी ठरलेली व्यक्ती, स्त्री किंवा मूल, दिव्यांग, मोठी आपत्ती, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेली माणसं, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती. आणि सगळ्यात शेवटी, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेली व्यक्ती. ही मर्यादा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाखालच्या कोर्टांसाठी वर्षाला ९,००० रुपये होती. राज्यांना ती वाढवता येते आणि महाराष्ट्रात आज ती ३ लाख आहे.

या यादीत ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हा फरक लगेच खुपतो किंवा सुखावतो. स्त्री असेल तर उत्पन्न विचारायचंच नाही. अनुसूचित जातीची असेल तरी विचारायचं नाही. १९०८ चा कायदा माणसाच्या ट्रंकेत काय आहे ते बघत होता. १९८७ चा कायदा म्हणतो, काही माणसांना कोर्टापर्यंत पोहोचणं केवळ पैशाअभावी अवघड नसतं. घरात नवऱ्याचा पगार चांगला असला तरी नवऱ्याविरुद्ध दावा लावणाऱ्या बाईच्या हातात त्यातला रुपयाही नसू शकतो. शिवाय कलम १३ सांगतं की उत्पन्नाचा प्रश्न आलाच तर अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येईल, शंका घेण्याचं कारण असल्याशिवाय तपास नको. नादारी सिद्ध करण्याचं ओझं इथे पहिल्यांदा एवढं हलकं झालं. आणि ही सेवा फौजदारीपुरती नाही. दिवाणी कोर्ट, न्यायाधिकरण, नुसता कायदेशीर सल्ला, सगळं त्यात येतं.

मावशींचा सातबारा

कलम १२ मी वाचलं ते आमच्या फ्लॅटवर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींमुळे. त्यांना गावच्या जमिनीचा सातबारा मोबाईलवर काढून हवा होता. ‘दादा, तुमचं कंप्युटरचं काम ना, एवढं बघून द्या.’ उताऱ्यावर वडिलांचं नाव गेलेलं होतं आणि भावांची लागलेली होती. मावशींचं नव्हतं. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होते. आपल्याकडे ही सही बहुतेक बहिणी करतात. सही केली की दिवाळीची साडी चालू राहते, माहेर राहतं.

मावशींना सही करायची नव्हती. धाकट्या मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे होते. ‘पण वकील लावायचा तर माझा महिन्याचा पगार त्याच्या पहिल्या तारखेलाच जाईल. आणि शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.’

ही म्हण आपण सगळेच ऐकत मोठे झालो. तोवर मला ती व्यवहारी शहाणपणाची वाटायची. मावशींच्या तोंडून ऐकताना लक्षात आलं की कोर्टाची पायरी चढायची नसते ती ज्याच्या ताब्यात आधीच जमीन आहे त्याला परवडते. भावांना कोर्टात जायची गरजच नव्हती.

मावशी आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेल्या, मी सुट्टी काढून सोबत गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न आला, ‘तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणलाय का?’ मी फोनवर कलम १२ उघडून दाखवलं, की स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे हो, पण सगळे आणतात म्हणून आम्ही विचारतो.’ त्या वाक्यात मला १९०८ चं सगळं प्रकरण ऐकू आलं. कायदा बदलला, पण गरिबानं आधी गरिबी दाखवायची ही सवय खिडकीवर शिल्लक आहे. आणि दाखला काढायला दोन दिवस मजुरी बुडवणाऱ्या बायका तिथून परत जात असणार.

अर्ज घेतला गेला. पॅनेलवरच्या एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी मावशींना सांगितलं की २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि १ ऑक्टोबर १९९४ च्या महाराष्ट्र सरकारच्या अधिसूचनेनं पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केलेली आहे. मावशी गाडीत बसल्यावर म्हणाल्या, ‘म्हणजे मी सही केली असती तर हे कधी कळलंच नसतं.’ दावा चालू आहे. तारखा पडतात. मोठ्या भावाचा फोन यायचा बंद झाला आहे. मोफत वकिलानं ते परत मिळत नाही आणि मावशींना ते माहीत आहे.

तडजोड कुणाची?

आजच्या वाचकानं ‘लोकअदालत’ हा शब्द बहुधा ई-चलनाच्या एसएमएसमध्ये पहिल्यांदा वाचला असेल. दंड भरा नाहीतर लोकअदालतीत हजर राहा. तिचा उगम मात्र वेगळा आहे. गुजरातमधल्या रंगपूरला हरिवल्लभ परीख या गांधीवादी कार्यकर्त्यानं १९४९ पासून आदिवासींमध्ये लोकअदालत चालवली. लोक जमायचे, भांडण ऐकायचे, तोडगा निघायचा. १९८२ मध्ये गुजरातमध्येच जुनागढ जिल्ह्यात विधी मदत मंडळाच्या पुढाकारानं लोकअदालत भरली आणि ही पद्धत देशभर गेली. १९८७ च्या कायद्यानं तिला कायदेशीर बैठक दिली. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, तिच्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

अडचण अशी की मोफत वकील आणि लोकअदालत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच प्राधिकरणाच्या छताखाली आल्यामुळे त्या एकमेकींत मिसळतात. वकील माणसाला आपला हक्क पूर्ण मागायचं बळ देतो. लोकअदालत त्याला काहीतरी सोडायला सांगते. मार्क गॅलंटर आणि जयंत कृष्णन या अभ्यासकांनी २००४ मध्ये यावर सविस्तर टीका केली: गरिबांना न्याय देण्याचं साधन प्रलंबित खटले उपसण्याचं साधन होतं आहे. दहा वर्षं भरपाईची वाट पाहणारा माणूस निम्म्यावर सही करतो तेव्हा ती तडजोड असते, की थकवा?

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या निकालात एक रेघ ओढून दिली. लोकअदालत निवाडा करू शकत नाही. दोन्ही पक्षांचं पटलं तरच ती ते नोंदवते. नाही पटलं तर प्रकरण कोर्टात परत. म्हणजे तिथे ‘नाही’ म्हणता येतं. हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण समोर न्यायाधीश बसलेले असतात आणि न्यायाधीशांना ‘नाही’ म्हणायची आपल्याला सवय नसते.

दिवाणीची बाजू अजूनही मागच्या बाकावर आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, म्हणजे ‘नालसा’नं, पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची योजना आणली. चांगली योजना आहे, पण ती फौजदारी खटल्यांसाठी. दिवाणीत गरिबाच्या वाट्याला येतो तो आपली खासगी प्रॅक्टिस सांभाळून मानधनावर केस घेणारा पॅनेलवरचा वकील. काही वकील जीव ओतून काम करतात, आमच्या मावशींच्या वकीलबाईंसारखे. पण कुणाला कसा वकील मिळेल हे नशिबावर असेल तर आपण पुन्हा १९२४ च्या औदार्यापाशीच येतो. १८७९ च्या कलमानं दोन्ही बाजूंची तुलना केली होती. समोर बिल्डरचे किंवा विमा कंपनीचे पाच वकील उभे असताना इकडचा एक वकील तयारीनिशी आला आहे का, हे विचारणारा नियम आपल्याकडे अजून ठळकपणे कुठे दिसत नाही.

आपल्या पिढीला हा विषय लांबचा वाटतो. पण भाड्याच्या घराचं डिपॉझिट, थकलेला पगार, अपघाताची भरपाई, बिल्डरनं न दिलेला ताबा, घरातल्या बाईची पोटगी, ही सगळी दिवाणी भांडणंच आहेत आणि आपण ती बहुतेक वेळा ‘जाऊ दे’ म्हणून सोडतो. तुम्हाला स्वतःला मदतीची गरज नसेलही. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमन काकांना, डिलिव्हरीवाल्या मित्राला असू शकते, आणि फोनवर कायदा वाचता येणारे त्यांच्या ओळखीतले कदाचित तुम्हीच असाल.

त्यांना सांगायच्या गोष्टी फार नाहीत. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, जिल्हा कोर्टात प्राधिकरण आहे. १५१०० हा नालसाचा मदत क्रमांक आहे. स्त्री, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी प्रतिज्ञापत्र चालू शकतं. लोकअदालतीत सही करण्याआधी घरी जाऊन विचार करता येतो. आणि खिडकीवर कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर कलम १२ दाखवायचं, आवाज न चढवता, पण जागेवरून न हलता.